मध्यमवयातील उदरस्नायूंचे दर्शन : शक्यता, किंमत आणि उपयुक्तता

प्रस्तावना

भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पैलतीरावर वसलेल्या कारधा या गावात चाळिशीतील पुरुषाचे पोट दोन अगदी भिन्न रूपांत पाहावयास मिळते. पावसाळ्यात बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या मजुराच्या पोटावरील स्नायूंच्या रेषा त्याने कधी मनात न आणताही स्पष्ट दिसतात. पूल ओलांडून भंडाऱ्यातील कार्यालयांत, बँकांत आणि शाळा-महाविद्यालयांत जाणारा त्याचा समवयस्क मात्र सदरा खोचताना श्वास आत ओढून घेतो. पहिल्याला त्या रेषांचे अप्रूप नाही. दुसऱ्याला त्या हव्याशा वाटू लागल्या आहेत. ही इच्छा अलीकडची आहे. मध्यमवयात ती पुरी होऊ शकते काय, आणि होत असल्यास त्यासाठी मोजावी लागणारी किंमत योग्य ठरते काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवणे अगत्याचे आहे, कारण व्यवहारात पहिल्याचे होकारार्थी उत्तर मिळाले की दुसरा विचारलाच जात नाही.

भाषेची साक्षही येथे उद्बोधक ठरते. मराठीत ‘पोट खपाटीला जाणे’ हा वाक्प्रचार उपासमारीचा सूचक आहे, तर सुटलेले पोट ‘खात्यापित्या घरचे’ लक्षण मानले गेले. पिळदार दंड, भरदार छाती, मांड्यांची ठेवण यांचे कौतुक मराठी लेखनात विपुल आढळते. पोटावरील कप्प्यांसाठी मात्र रूढ शब्द नव्हता. तालमीतला पैलवान दूध, तूप, बदाम यांच्या खुराकावर वाढलेला असे आणि त्याचे पोट बहुधा भरलेलेच दिसे. कुस्तीत त्याचे काही अडत नसे. ‘सिक्स पॅक’ हा शब्द सर्वसामान्यांच्या तोंडी रुळला तो प्रामुख्याने चित्रपटांमुळे. २००७ च्या ‘ओम शांती ओम’मध्ये शाहरुख खान आणि २००८ च्या ‘गजनी’मध्ये आमिर खान या रूपात पडद्यावर आले. दोघांचाही जन्म १९६५ चा. म्हणजे या आदर्शाची लोकप्रिय रूपे विशीतील तरुणांची नव्हती, तर चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांची होती. मध्यमवयीन प्रेक्षकाला ‘आपल्यालाही हे जमेल’ असे वाटू लागले, यात त्यामुळे नवल नाही.

स्नायू असतो, दिसत नाही

बरगड्यांच्या खालच्या भागापासून जघनास्थीपर्यंत जाणारा सरळ उदरस्नायू प्रत्येक मनुष्याच्या शरीरात असतो. मधोमध उभी जाणारी तंतुमय पट्टी त्याचे डावा-उजवा असे दोन भाग करते आणि काही आडवे तंतुपट्टे त्यास कप्पे पाडतात. हे आडवे पट्टे किती असावेत व ते सरळ रेषेत असावेत की तिरपे, हे जन्मतःच ठरलेले असते. बहुतेकांत सहा कप्पे उमटण्याजोगी रचना असते, काहींत चार, काहींत आठ. व्यायामाने स्नायू जाड होतो. कप्प्यांची संख्या अथवा मांडणी बदलत नाही. व्यायामशाळेत कोणी ‘आठ पाडून देतो’ असे सांगत असल्यास त्याला शरीररचनाशास्त्राचा आधार नाही.

हे कप्पे दिसणे न दिसणे मुख्यत्वे त्वचेखालील चरबीच्या थरावर अवलंबून असते. पुरुषांत एकूण शरीरभारातील चरबीचे प्रमाण साधारणतः १० ते १२ टक्क्यांपर्यंत, तर स्त्रियांत १६ ते २० टक्क्यांपर्यंत खाली आल्यावर या रेषा स्पष्ट होतात. व्यक्तिपरत्वे यात फरक पडतो, कारण चरबी प्रथम कोठून उतरावी हे शरीर ठरवते. बहुसंख्य पुरुषांच्या बाबतीत पोटाचा खालचा भाग सर्वांत शेवटी मोकळा होतो.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटाची चरबी झडते, हा समज यामुळेच तपासून पाहावा लागतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काच आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात सहभागी पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी सुमारे पाच हजार उठाबशा, म्हणजे पाठीवर झोपून धड उचलण्याचा व्यायाम केला. त्यानंतर पोट, पाठ आणि नितंब या तिन्ही ठिकाणच्या मेदपेशींचा आकार तपासला असता पोटावर इतर जागांपेक्षा अधिक घट आढळली नाही. २०११ मधील विस्पुटे आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगाचाही निष्कर्ष तोच होता : पोटाच्या स्नायूंची दमछाक सोसण्याची शक्ती वाढली, चरबी आणि घेर जागच्या जागी राहिले. तरीही सकाळी नदीकाठी फिरावयास येणारे गृहस्थ बाकावर बसून पोट आत-बाहेर करताना दिसतात. त्यात अपाय काही नाही. अपेक्षा मात्र चुकीच्या जागी ठेवलेली असते.

एका उदाहरणाचे गणित

कल्पनेसाठी १६७ सेंटिमीटर उंचीचा, ७० किलो वजनाचा, पंचेचाळीस वर्षांचा प्राध्यापक घेऊ. त्याच्या शरीरात २६ टक्के चरबी आहे असे मानल्यास चरबीचा भार सुमारे १८ किलो आणि उर्वरित शरीर सुमारे ५२ किलो होते. हे ५२ किलो तसेच राखून चरबी १२ टक्क्यांवर आणावयाची झाल्यास त्याचे वजन ५९ किलोच्या आसपास यावे लागेल. म्हणजे ११ किलो निव्वळ चरबी कमी करावयाची. एक किलो मेदपेशीसंभार म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांक धरले, तर एकूण तूट सुमारे ८५ हजार उष्मांकांची भरते. दररोज ४०० उष्मांकांची तूट एकही दिवस न चुकता ठेवल्यास त्याला सात महिने लागतील. प्रत्यक्षात वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही घटतो, हालचाल नकळत मंदावते, भूक वाढते, आणि मध्ये लग्नसराई, दिवाळी, पोळा येतातच. म्हणून सात महिन्यांचे वर्ष-सव्वा वर्ष होणे स्वाभाविक आहे.

हे अशक्य मुळीच नाही. मात्र या हिशोबातील ‘५२ किलो तसेच राखून’ ही अट फार कठीण आहे. केवळ उपाशी राहून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मध्यमवयात गेलेला स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते. असा मनुष्य ५९ किलोवर येतो, त्याचे गाल बसतात, नातेवाईक ‘तब्येत बरी नाही का?’ म्हणून विचारू लागतात, आणि पोटावर मात्र रेषा उमटलेल्या नसतात.

वयाचा दोष किती

‘चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, काही उपाय नाही’ हे वाक्य शिक्षककक्षात वारंवार ऐकू येते. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाव्ययाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. शरीराचा आकार व घडण लक्षात घेतल्यास विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत दैनंदिन ऊर्जाव्यय जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यातून दिसून आले. उतार साठीनंतर लागतो. तेव्हा चाळिशीतील पोटाचा दोष चयापचयाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

वयाचा परिणाम नाही असा याचा अर्थ नव्हे. तिशीनंतर व्यायाम नसल्यास दर दशकास साधारणतः ३ ते ८ टक्के स्नायू घटतो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरते. स्त्रियांत रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी नितंब-मांड्यांकडून पोटाकडे सरकते. परंतु या सर्वांपेक्षा मोठा बदल दिनक्रमात घडलेला असतो. विद्यार्थिदशेत कारध्याहून सायकलने पूल पार करणारा मुलगा नोकरी लागताच दुचाकीवर, पुढे मोटारीत बसतो. तासिका, परीक्षा, उत्तरपत्रिका आणि संगणकावरील अहवाल यांत दिवस बैठा जातो. ताट मात्र धानाच्या शेतात राबणाऱ्या वडिलांचेच राहते. तीनशे ग्रॅम तांदळाचा भात म्हणजे हजारांहून अधिक उष्मांक आणि जेमतेम वीस-बावीस ग्रॅम प्रथिने. रोवणी आणि कापणी करणाऱ्यास हे इंधन लागते. खुर्चीत बसणाऱ्याच्या बाबतीत ते कमरेवर साठते.

कृश दिसणारा मेदस्वी

आरोग्याच्या दृष्टीने या विषयाचा खरा गाभा महाराष्ट्रातच झालेल्या संशोधनात सापडतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र व मोजमापे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३, म्हणजे प्रचलित कोष्टकानुसार दोघेही सडपातळ. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली. वजनकाटा व उंची यांना जे दिसत नाही ते या एका तुलनेने दाखवून दिले.

याज्ञिक यांच्या पुण्याजवळील गावांतील अभ्यासात याचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाते असे आढळले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पुण्याकडची बालके स्नायूंनी व उदरस्थ अवयवांनी लहान होती. त्वचेखालील चरबी मात्र त्यांनी तुलनेने राखून ठेवली होती. कृश-मेदस्वी ही घडण जन्मापासूनची आहे. म्हणूनच भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीत मर्यादा खाली आणण्यात आल्या : निर्देशांक २३ पासून अतिभार, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंतच सुरक्षित. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि उदरस्थूलतेचे ३९.५ टक्के नोंदले गेले.

येथे चरबीच्या दोन जागांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. त्वचेखालील चरबी चिमटीत धरता येते. उदरस्नायूंच्या रेषा झाकणारी ती हीच. दुसरी चरबी उदरपोकळीत, यकृत व आतड्यांभोवती साठते. मधुमेह व हृदयविकार यांच्याशी अधिक निकटचा संबंध या दुसरीचा. सुदैवाने व्यायामास ती लवकर प्रतिसाद देते. नियमित चालण्या-पळण्याने वजन फारसे न उतरताही ती कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. उदाहरणातील प्राध्यापकाचे वजन ७० वरून ६४-६५ किलोवर आले आणि कंबर चार-पाच सेंटिमीटरने घटली, तर आरोग्याचा मोठा लाभ त्याच्या पदरी पडलेला असेल. पोटावर मात्र एकही रेषा दिसणार नाही. त्यापुढचे पाच-सहा किलो उतरविण्यात कष्ट सर्वाधिक आणि आरोग्यलाभ थोडा. मूळ प्रश्नाचे मर्म या टप्प्यात आहे.

उलट बाजूने पाहिल्यास, रोवणी करणाऱ्या मजुराच्या दिसणाऱ्या रेषा हे आरोग्याचे प्रमाणपत्र नव्हे. त्या श्रमाच्या असतात, तशा अपुऱ्या अन्नाच्याही असतात. एकच दृश्य खुराक, श्रम, आजार अथवा भूक यांपैकी कशानेही निर्माण होऊ शकते.

अखेरच्या टप्प्याची किंमत

चरबी फार खाली नेल्यास शरीर काटकसर सुरू करते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोसो आणि सहकाऱ्यांच्या नोंदीत विशीतील एका निर्व्यसनी, औषधमुक्त शरीरसौष्ठवपटूचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. स्पर्धेपर्यंत त्याची चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली. त्याचबरोबर टेस्टोस्टेरॉन सुमारे एक-चतुर्थांशावर घसरले, बळ घटले आणि मनःस्थिती बिघडली. मध्यमवयीन हौशी व्यक्ती ४.५ टक्क्यांपर्यंत जात नाही हे खरे. पण दिशा तीच असते. झोप उडणे, चिडचिड, थंडी वाजणे, कामेच्छा मंदावणे आणि दिवसभर अन्नाचाच विचार मनात घोळणे ही लक्षणे त्या वाटेवर भेटतात.

छायाचित्रांतील शरीरे बहुधा त्या एका दिवसासाठी घडविलेली असतात. आधी पाणी-मीठ कमी करणे, नेमका प्रकाश आणि चित्रणापूर्वीचा ताणव्यायाम यांनी दोन दिवसांपुरती दिसणारी रेषा पाहणाऱ्यास कायमची भासते. शिवाय व्यायामशाळांच्या आडून स्टेरॉइडची इंजेक्शने आणि लेबलावर विश्वास ठेवता येऊ नये अशा पावडरी तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. रक्तदाब वा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या पंचेचाळिशीतील व्यक्तीने त्या वाटेला जाणे हा शुद्ध अविवेक होय.

मग ज्यांना हे साधते ते कोण? मिलिंद सोमण यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांचाही जन्म १९६५ चाच. २०१५ मध्ये, पन्नाशीस काही महिने उरले असताना, त्यांनी झुरिच येथील आयर्नमॅन स्पर्धा पूर्ण केली : ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, एकूण सव्वापंधरा तासांच्या आसपास. परंतु ते तारुण्यात राष्ट्रीय पातळीवरील जलतरणपटू होते. स्नायूंची ठेव विशीत जमा झालेली असल्यास पन्नाशीत तिच्या व्याजावर बरेच काही करता येते. ज्याने कधी व्यायामच केला नाही त्याने शून्यापासून प्रारंभ केल्यास लाभ निश्चित आहे. तुलना मात्र गैरलागू आहे.

याहून जुने आणि अधिक मननीय उदाहरण औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे आहे. त्यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो याच्या पद्धतीने उपकरणांसह सुमारे दहा वर्षे व्यायाम केला. सँडो म्हणजे स्नायूंच्या प्रदर्शनास जगभर व्यवसायाचे रूप देणारा मल्ल. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. चाळिशीच्या सुमारास भवानरावांनी तो मार्ग सोडून सूर्यनमस्कार धरले, ते अखेरपर्यंत. त्यांवर ग्रंथ लिहिला आणि संस्थानच्या शाळांत त्यांचा प्रसार केला. खर्च नाही, साधने नाहीत, मुले-मुली-वृद्ध सर्वांना सुलभ, ही त्यांची दृष्टी. वाकून उठण्याच्या त्या क्रमात पोट, पाठ, खांदे, मांड्या एकत्र राबतात.

ताट, पूल आणि बळ

कारधा-भंडारा परिसरात राहणाऱ्या मध्यमवयीनास या सर्वांतून काय घेता येईल? पहिला बदल ताटातला. भाताचा ढीग अर्ध्यावर आणून त्या जागी डाळ, चणे, अंडी, दही किंवा मासळी वाढवावी. मालगुजारी तलावांच्या आणि वैनगंगेच्या या जिल्ह्यात मासळी दुर्मीळ नाही, आणि शंभर ग्रॅम मासळीतून साधारणतः अठरा-वीस ग्रॅम प्रथिने मिळतात. प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वजन उतरवीत असताना स्नायू राखावयाचे तर ती मात्रा १.२ ग्रॅम वा अधिक ठेवणे इष्ट मानले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे करू नये.

विदर्भात या संदर्भात नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचे आणि त्यांच्या विचारावरून पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीचे नाव निघणे अपरिहार्य आहे. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत जेवण आणि रोज ४५ मिनिटे चालणे, असा तो साधा नियम. मधल्या चहा-बिस्किटांना, पोहे-तर्रीला त्यामुळे आपोआप चाप बसतो आणि अनेकांची कंबर उतरते ती बहुधा याच कारणाने. तिचा रोख वजन आणि मधुमेह यांवर आहे, रेषा दाखविण्यावर नाही; हे तिचे बलस्थान मानावयास हवे. उणीव एवढीच की दोन जेवणे भाताचीच राहिल्यास प्रथिने कमी पडतात, आणि ताकदीच्या व्यायामाला तीत स्थान नाही. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच ती आरंभावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचविला आहे. पहिला भाग पुलावरून भंडाऱ्यापर्यंत पायी जाण्या-येण्याने भागू शकतो. दुसरा भाग उपेक्षित राहतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा देशांतील सुमारे एक लाख चाळीस हजार व्यक्तींच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, मुठीच्या पकडीचे बळ दर ५ किलोने कमी असता मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि पाण्याने भरलेली बादली उचलून चालणे यांपैकी जे जमेल ते आठवड्यातून दोन-तीन वेळा करणाऱ्याची पकड, पाठ आणि गुडघे साठीतही कामास येतात.

स्त्रियांच्या बाबतीत एक स्वतंत्र दखल आवश्यक आहे. गर्भारपणात मधली तंतुमय पट्टी ताणली जाते आणि काहींत उदरस्नायूंचे दोन्ही भाग नंतरही एकमेकांपासून दूर राहतात. अशा वेळी झोपून धड उचलण्याचे व्यायाम जोराने केल्यास पोट मधोमध उंचवटा धरते. भौतिकोपचारतज्ज्ञाकडून तपासून घेतल्यानंतर श्वासाबरोबरचे सौम्य व्यायाम प्रथम करावेत. ‘बाळंतपणाचे पोट’ म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेला हा विकार पाठदुखीच्या रूपाने डोके वर काढतो. तसेच रेषा दिसण्याइतकी चरबी घटविल्यास मासिक पाळी अनियमित होण्याची शक्यता असते.

ज्याला हौस आहे, ज्याची कंबर मर्यादेत आहे, रक्तशर्करा व रक्तदाब ठीक आहेत आणि ज्याच्या घरच्यांची वर्षभर मोजूनमापून स्वयंपाक करण्यास ना नाही, त्याने उदरस्नायूंच्या रेषांचा नाद जरूर करावा; गिर्यारोहणासारखीच ती एक हौस आहे. इतरांनी शिंप्याकडची टेप घ्यावी. सकाळी उपाशीपोटी उभे राहून, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मध्यावर ती आडवी धरावी, श्वास सहज बाहेर सोडावा आणि पोट आत न ओढता आकडा वाचावा.